पाठ झाले, पण वाचता येते का?

मे महिना उजाडला की आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांचे बाल संस्कार शिबिर भरते. दहा दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. मुंबईच्या पूर्व उपनगरात, डोंगराच्या उतारावर, पत्र्याच्या आणि अर्ध्या पक्क्या घरांची आमची वस्ती. शाळांना सुट्टी लागली की ज्यांचे गावी घर आहे ते गावी जातात. ज्यांचे गावी ना घर ना जमीन, किंवा ज्यांच्या आईवडिलांना चार दिवसांची रजासुद्धा मिळत नाही, त्यांची मुले वस्तीतच राहतात. आई कामावर, वडील कामावर, आणि मुले दिवसभर गल्लीत उन्हात, नाहीतर कोणाच्या तरी मोबाईलभोवती कोंडाळे करून. अशा मुलांसाठी हे शिबिर.

शिबिर घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, असे पुष्कळ बांधव विचारतात. म्हणून ह्या लेखात आम्ही यंदाच्या शिबिराचा एकच दिवस, सहावा दिवस, जसा गेला तसा सांगणार आहोत. तो दिवस सगळाच गोड गेला असे नाही. त्या दिवशी आमची एक मोठी चूक आमच्या पदरात पडली. ती झाकून ठेवण्यापेक्षा वाचकांपुढे मांडलेली बरी, कारण तीच चूक आणखी पुष्कळ विहारांत आणि पुष्कळ घरांत होत असेल.

पाण्यापासून सुरुवात

आमच्याकडे नळाला पाणी येते पहाटे साडेपाचला, आणि जाते साडेसहाला. म्हणून शिबिराचा दिवस पाच वाजताच सुरू होतो. दोन मोठी पिंपे, चार मडकी आणि स्वयंपाकाची पातेली एका तासात भरून झाली पाहिजेत. चोपन्न मुले आणि आम्ही आठ कार्यकर्ते दिवसभर पाणी पिणार, हातपाय धुणार, ताटे धुणार. पाणी कमी पडले तर शिबिर दुपारीच बंद करावे लागते, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकलो.

सहाला महिला मंडळाच्या ताई येतात. ह्यातल्या तिघी दिवसभर दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतात, आणि तरीही कामावर जाण्याआधी तासभर विहारात येऊन कांदे चिरून देतात. नाश्त्याला तीन किलो पोहे लागतात. दुपारच्या खिचडीला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो मुगाची डाळ, बरोबर बटाट्याचा रस्सा किंवा काकडीची कोशिंबीर. आम्ही पडलो कारकून माणूस, शिवाय बी.कॉम. झालेले, त्यामुळे तांदळाच्या मापापासून मिठाच्या पुडीपर्यंत सगळी नोंद वहीत करतो. ही वही विहाराच्या दाराशी टांगलेली असते. वर्गणी देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला ते कधीही पाहता यावे. हिशेब उघडा ठेवला की वर्गणी मागायला लाज वाटत नाही.

पावणेसातला मुले यायला लागतात. कोणी पांढरा सदरा घालून, कोणी कालच्याच कपड्यात. धाकट्या भावाला काखेत घेऊन येणाऱ्या दोन मुली आहेत. शिबिराला वय आठ ते चौदा असा नियम आहे, पण ह्या दोघींसाठी तो आम्ही मोडला. धाकट्याला ठेवायला घरी कोणी नाही, मग धाकट्यामुळे थोरलीने शिबिर का बुडवावे?

राहुलची गोष्ट

सात वाजता त्रिसरण-पंचशील आणि वंदना. वंदना मुलांनीच घ्यायची, मोठ्यांनी मागून म्हणायचे, असा आमचा रिवाज आहे. पहिल्या दिवसापासून वंदना घेतो तो सहावीतला एक मुलगा. खणखणीत आवाज, एकही शब्द चुकत नाही, श्वास कुठे घ्यायचा हेही त्याला ठाऊक. बावीस प्रतिज्ञा तो न अडखळता म्हणतो. संविधानाची उद्देशिका तर बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीलाच छापलेली असते, तीही त्याला तोंडपाठ. गल्लीतले लोक मुद्दाम सात वाजता विहाराबाहेर उभे राहून ऐकायचे. समारोपाच्या दिवशी पाहुण्यांसमोर वंदना त्यानेच घ्यायची, हे आम्ही तिसऱ्याच दिवशी ठरवून टाकले होते.

वंदनेनंतर रोज एका शीलाबद्दल बोलतो. त्या दिवशी आले चौथे शील, खोटे न बोलण्याचे. नुसते खोटे बोलू नका म्हटले की मुले माना डोलावतात आणि विसरून जातात. म्हणून आम्ही राहुलची गोष्ट सांगितली. भगवान बुद्ध अंबलठ्ठिका येथे लहानग्या राहुलकडे गेले. राहुलने पाय धुवायला पाणी ठेवले. बुद्धांनी पाय धुतले, भांड्यात थोडे पाणी उरवले, आणि ते दाखवून विचारले, ही एवढीशीच गोष्ट उरली आहे ना? जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे चांगलेपण एवढेच उरते. मग ते पाणी ओतून दिले. मग भांडे पालथे केले. मग भांडे सुलटे करून ते रिकामे असल्याचे दाखवले. प्रत्येक वेळी तीच शिकवण, पण डोळ्यांसमोर. शेवटी त्यांनी आरशाचे उदाहरण दिले. आरसा कशासाठी? स्वतःकडे पाहण्यासाठी. तसे प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे, की ह्याने माझे किंवा दुसऱ्याचे नुकसान तर होत नाही ना. सम्राट अशोकाने आपल्या एका शिलालेखात ज्या मोजक्या उपदेशांची नावे कोरून ठेवली, त्यांत राहुलला केलेला हा उपदेश आहे.

आम्ही तांब्यात पाणी घेऊन हे सगळे मुलांसमोर करून दाखवले. मुले टक लावून पाहत होती. ह्या गोष्टीतला आरसा दुपारी आमच्याच तोंडासमोर येणार आहे, हे तेव्हा ध्यानीमनी नव्हते.

चिठ्ठ्यांचा खेळ

नाश्ता झाला की ऊन चढायच्या आत मैदानी खेळ. कबड्डी, लगोरी, लेझीम हे रोजचेच. सहाव्या दिवशी आम्ही चिठ्ठ्यांचा खेळ ठेवला होता. मुलांचे सहा गट आहेत: सारनाथ, सांची, नालंदा, कार्ले, अजिंठा आणि कान्हेरी. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी द्यायची. तिच्यातला प्रश्न सोडवला की दुसरी चिठ्ठी कुठे लपवली आहे ते कळते. सिद्धार्थ गौतमाला ज्या झाडाखाली संबोधी प्राप्त झाली त्या जातीच्या झाडाखाली बघा, अशी एक चिठ्ठी. मुले धावली विहारामागच्या पिंपळाकडे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर ओंजळीने जे घेतले ते आपल्या विहारात कुठे भरले आहे, अशी दुसरी. मुले धावली पाण्याच्या पिंपाकडे. धावता धावता इतिहास डोक्यात जातो, आणि तो पक्का राहतो.

वंदना घेणारा मुलगा कान्हेरी गटाचा प्रमुख. चिठ्ठी हातात आली की तो ती गटातल्या तिसरीतल्या एका चिमुरडीला द्यायचा आणि म्हणायचा, "तू वाच. लहानांना संधी द्यायची." ती अक्षर अक्षर लावून वाचायची, आणि वाचून पुरे होते न होते तोच हा उत्तर सांगून पळत सुटायचा. कान्हेरी गट पहिला आला. आम्ही सगळ्यांसमोर त्याचे कौतुक केले. नेता कसा असावा तर असा, लहानांना पुढे करणारा, असेही म्हणालो. तो मान खाली घालून उभा होता. आम्हाला वाटले, लाजला.

मसूर स्टेशनवरची मुले

साडेबाराला जेवण. जेवणाआधी ताटे पुसणे, वाढणे, झाडलोट, पाणी भरणे, अशी कामे गटवार वाटलेली असतात आणि ती दाराशेजारच्या फळ्यावर रोज लिहिलेली असतात. जेवून तासभर विश्रांती. पत्रा तापतो, पंखे दोनच, म्हणून फरशीवर पाणी मारून मुलांना झोपवतो. अडीचला सगळ्यांना उठवून तोंडे धुवायला लावतो आणि वाचनाचा तास सुरू होतो.

हा तास शिबिरात घालण्याचा आग्रह एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा. महापालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्य घालवले. त्यांचे म्हणणे, शिबिरात मुले ऐकतात पुष्कळ, म्हणतात पुष्कळ, पण वाचत काहीच नाहीत. पाचवा-सहावा दिवस आला तरी हा तास कसाबसाच चालला होता, कारण आम्हीच त्याला फारसे मनावर घेतले नव्हते. बरेचदा अर्धा तास समारोपाच्या भाषणांच्या तयारीत जायचा.

त्या दिवशी आम्ही एक पान घरून लिहून आणून त्याच्या झेरॉक्स प्रती काढल्या होत्या. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आत्मकथनपर लेखनात सांगितलेली त्यांच्या लहानपणीची हकीकत आमच्या सोप्या भाषेत. साल १९०१. तीही उन्हाळ्याचीच सुट्टी. वडील सातारा जिल्ह्यात गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले. नवे कपडे शिवले, आणि नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे आगगाडीने निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, तर न्यायला कोणीच नाही. मुलांनी पाठवलेले पत्र वडिलांच्या नोकराने त्यांना दिलेच नव्हते. स्टेशनमास्तरने विचारले, कोण तुम्ही? मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची, तो बरोबर चालणार. डब्यात खायला भरपूर होते, पण वाटेत प्यायला पाणी कोणी दिले नाही. तहानेने व्याकूळ झालेली ती मुले रात्रभर जकातनाक्याजवळ पडून राहिली.

मुलांनी गोल बसून एकेक वाक्य वाचायचे होते. वाचता वाचता मुले थांबत होती. पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, डबा होता मग त्यांनी खाल्लं का नाही?" तिच्या शेजारची म्हणाली, "पाण्याशिवाय घास उतरतो का?" कोणीतरी उठून मडक्यातले पाणी पिऊन आले. त्या दिवशी त्या पाण्याची किंमत मुलांना आम्ही सांगावी लागली नाही.

वाचनाची पाळी गोलात फिरत होती. वंदना घेणाऱ्या मुलाची पाळी चार मुलांवर आली, तसा तो उठला. "सर, पिंपात पाणी किती आहे बघून येतो." कामसू मुलगा. आम्ही मान हलवली. तेवढ्यात बाई आमच्या कानाशी लागल्या, "काल ह्याच वेळेला उठला होता. परवाही. जरा जाऊन बघा. पण रागावू नका."

पिंपाजवळ

तो पिंपाशी उभा होता. तोटी सोडून मग भरत होता आणि परत पिंपात ओतत होता. आम्ही काही न बोलता पायरीवर बसलो. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "सर, सकाळी ते राहुलचं सांगितलंत ना. माझं चौथं शील मोडलं का?"

"का रे?"

"मला वाचता येत नाही."

मग तो भडाभडा बोलला. दुसरीत असताना आई आजारी पडली, तेव्हा वर्षभर त्याला गावी आजीकडे ठेवले होते. तिथे शाळेत नाव घातले नाही. परत आला तो तिसरीत बसला. वर्गातली मुले धडे वाचत होती आणि ह्याला बाराखडीही लागत नव्हती. शाळेत कोणी विचारले नाही, ह्याने सांगितले नाही. जे कानावर पडेल ते पाठ करायचे, असा त्याने स्वतःच मार्ग काढला. एकदा ऐकले की त्याच्या डोक्यात बसते. कविता पाठ, पाढे पाठ, वंदना पाठ.

"आणि वही?" आम्ही विचारले.

"फळ्यावरचं बघून काढतो."

लिहितो नाही म्हणाला. काढतो म्हणाला, चित्र काढावे तसे. तो एक शब्द ऐकून आमच्या पोटात कालवले.

मग आम्हाला शिबिराचा दुसरा दिवस आठवला. फळ्यावर कान्हेरी गटाला झाडलोट लिहिली होती आणि हा पाणी भरत उभा होता. आम्ही सगळ्यांसमोर त्याला बोललो होतो: फळ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, डोळे आहेत की नाहीत? तो म्हणाला होता, "विसरलो सर." तो विसरला नव्हता. त्याला फळा वाचताच येत नव्हता. आम्ही त्याला बेशिस्त ठरवून मोकळे झालो होतो.

त्याच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "तू कोणाचं नुकसान करायला लपवलं नाहीस. भीतीनं लपवलंस. आणि आज स्वतःहून सांगितलंस, म्हणजे तुझ्या भांड्यात पाणी आहे, रिकामं झालेलं नाही." तो जरा हसला. पण मनात आम्ही आमचेच भांडे पाहत होतो. पाच दिवस आम्हीच गल्लीभर सांगत होतो की ह्या मुलाला सगळे येते. न तपासता सांगत होतो. खोटे कोणाचे मोठे?

चोपन्नपैकी तेरा

कार्यकर्त्यांना बाजूला घेऊन आम्ही झाला प्रकार सांगितला. बाई म्हणाल्या, एकच मूल असे नसते, सगळ्यांना तपासा. पण एकेकाला, बाजूला, हसतखेळत. त्याप्रमाणे पाच वाजेपर्यंत आम्ही चोपन्नही मुलांना एकेक करून वर्तमानपत्रातल्या सोप्या बातमीच्या चार ओळी वाचायला दिल्या. तेरा मुलांना त्या धड वाचता आल्या नाहीत. त्यांतली पाच मुले अक्षरेही ओळखत नव्हती. तेरांपैकी नऊ पाचवीच्या पुढची. आणि ह्या तेरांपैकी अकरा जणांना त्रिसरण-पंचशील बिनचूक पाठ होते.

कोणी म्हणेल, मग पाठांतर बंद करा. तसे आमचे म्हणणे नाही. भगवंतांचा उपदेश भिक्खूंनी शतकानुशतके तोंडपाठ करूनच जपला. पण लढाया आणि दुष्काळात पाठ असणारी माणसेच नाहीशी झाली तर धम्मही नाहीसा होईल, हे ओळखून इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेतल्या भिक्खूंनी तो लिहून काढला. पाठांतर करणाऱ्यांनाच लेखणीची गरज कळली. आपण मात्र मुलाचे पाठांतर ऐकून टाळ्या वाजवतो आणि पुढे काही विचारतच नाही.

वाट दाखवली तीही बाईंनीच, आणि ती पाठांतरातूनच. त्यांनी तेरा मुलांचे छोटे गट केले. एकेका गटाला नववी-दहावीतली एक ताई दिली. प्रत्येकापुढे वंदनेचे पुस्तक उघडून ठेवले. जे पाठ आहे तेच म्हणायचे, पण सावकाश, आणि म्हणताना त्या त्या शब्दावर बोट ठेवायचे. त्रिसरणात तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. कानाने ओळखीचा शब्द डोळ्यांना पुन्हा पुन्हा दिसतो. मग ताईने विचारायचे, हाच शब्द ह्या पानावर आणखी कुठे आहे, शोध. तो सापडला की त्यातले अक्षर वेगळे काढायचे, आणि त्याच अक्षराने सुरू होणारी घरातली नावे सांगायची.

आमच्या मुलाने पहिल्यांदा बोट ठेवले ते भलत्याच ओळीवर. तोंड पुढे धावत होते आणि बोट मागे राहत होते. ताईने त्याला थांबवून पुन्हा सुरू करायला लावले. चौथ्या वेळेला बोट आणि तोंड एका शब्दावर आले. मग तो खालच्या ओळीत तोच शब्द शोधू लागला. सापडल्यावर ओरडला, "हा पण तोच!" त्या दिवशी सहापर्यंत तो चार शब्द ओळखायला लागला. फक्त चार. पण हे चार त्याने काढले नव्हते, वाचले होते.

आईची भेट

सहाला शिबिर सुटले. मुलाची आई एका कचेरीत साफसफाईचे काम करते, ती येते साडेसातला. आम्ही आणि बाई तिच्या घरी गेलो. जय भीम झाला. तिने लगबगीने चहा टाकला. तिला वाटले, पोराचे कौतुक सांगायला आलो. "भाऊ, समारोपाला मी रजा टाकली आहे," ती म्हणाली. "पोरगा पाहुण्यांपुढं वंदना घेणार म्हणून."

बाईंनी हळूच विषय काढला. तिचा चेहरा पडला. थोडा वेळ ती स्टोव्हकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "मला स्वतःला वाचता येत नाही हो. मी रोज वही बघते. पान भरलेलं दिसलं की वाटतं, लिहितोय पोरगं. वर्षाच्या शेवटी पास होतो. मग मला कसं कळणार?"

त्या माउलीला आम्ही काय दोष देणार? शाळेने पुढच्या वर्गात घातला, आम्ही व्यासपीठावर चढवला. तिने कोणावर विश्वास ठेवायचा? ती एवढेच म्हणाली, "आता समारोपाला त्याला नका काढू. त्याचं मन मोडेल." आम्ही सांगितले, वंदना तोच घेणार. त्याचे जे आहे ते त्याचेच आहे. ते काढून घ्यायचे नाही, त्यात भर घालायची आहे.

रात्रीची बैठक

रात्री नऊला विहारात कार्यकर्त्यांची बैठक बसली. आधी हिशेब. त्या दिवशीचा खर्च, झेरॉक्ससकट, एक हजार एकशे चाळीस रुपये. मग मूळ विषय. उरलेल्या चार दिवसांत रोज दोन तास वाचनाला द्यायचे आणि भाषणस्पर्धेची तालीम बंद करायची, असे आम्ही सुचवले. ह्यावर चांगलाच वाद झाला. रिक्षा चालवणारे आमचे एक सहकारी म्हणाले, "पाहुणे येणार, वर्गणीदार येणार. पोरांची भाषणं नाहीत तर त्यांना दाखवायचं काय?" दुसरे म्हणाले, "वाचायला शिकवणं शाळेचं काम. आपलं काम धम्माचं."

दोघांचेही म्हणणे मनापासूनचे होते, म्हणून आम्ही शांतपणे ऐकले. मग आम्ही एवढेच विचारले, १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा तिच्या कामात वसतिगृहे आणि वाचनालये का घातली? शाळा तर तेव्हाही होत्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते कशासाठी? १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा आपल्या वस्त्यांत वाचता येणारी माणसे मोजकीच होती. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी कान देऊन ऐकायचे. इतक्या वर्षांनी आपल्या विहारातला मुलगा अजूनही ऐकणाऱ्यांतच बसला असेल, तर आपण त्याला धम्म दिला असे कसे म्हणता येईल? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ वेदीवर ठेवून त्याला फुले वाहायची, आणि मुलाला तो उघडता येऊ नये?

रिक्षावाले भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या पोरीला घरी जाऊन आजच बघतो वाचायला देऊन." वाद तिथेच मिटला.

बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. एक, शिबिरात नाव घालताना प्रत्येक मुलाचे वाचन पहिल्याच दिवशी, खाजगीत तपासायचे. दोन, समारोपात पाठ केलेली भाषणे ठेवायची नाहीत, मुलांनी एखादी गोष्ट वाचून दाखवायची, अडखळली तरी चालेल. तीन, शिबिर संपले तरी विहारात आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी वाचनवर्ग चालवायचा, आणि तो कॉलेजातल्या मुलामुलींनी आळीपाळीने घ्यायचा. रात्री दहाला विहाराचे दार लावून आम्ही घरी गेलो. पाय दुखत होते, पण झोप लवकर लागली नाही.

शेवटच्या दिवशी

चार दिवसांत मुलगा वाचायला शिकला, असे आम्ही सांगणार नाही. चार दिवसांत कोणी वाचायला शिकत नाही. पण दहाव्या दिवशी सकाळी घडलेले सांगतो. मुलगा फळ्यासमोर बराच वेळ उभा होता. ओठ हलत होते. बोट हवेत ओळीवरून फिरत होते. मग तो वळला, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि अंगण झाडायला लागला. फळ्यावर कान्हेरी गटासमोर झाडलोट लिहिले होते. कोणी त्याला सांगितले नव्हते. संध्याकाळी त्याने पाहुण्यांपुढे वंदना घेतली, नेहमीसारखीच खणखणीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मनात मात्र सकाळचा तो झाडू होता.

बंधू-भगिनींनो, ज्यांना आपल्या वस्तीत शिबिर घ्यायचे आहे त्यांनी जरूर घ्यावे. पैसा फार लागत नाही. मूठमूठ तांदूळ जमतो, महिला मंडळ उभे राहते, एक निवृत्त शिक्षक किंवा शिक्षिका शोधली की सापडते. पण मुलांना काय येते हे टाळ्यांवरून ठरवू नका.

आणि शिबिराची वाट कशाला पाहायची? आजच रात्री जेवणे झाली की आपल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा. शाळेचे पुस्तक देऊ नका, ते पाठ असू शकते. विजेचे बिल द्या, कॅलेंडरची मागची बाजू द्या, नाहीतर हाच अंक द्या आणि ह्याच लेखाच्या चार ओळी वाचायला सांगा. अडखळले तर रागावू नका. मारू तर अजिबात नका. भीतीनेच मुले लपवतात. आपल्याला स्वतःला वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीला बोलावून घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि मुलाला येत नाही असे दिसले, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा, विहारात जा, आणि मोकळेपणाने सांगा. लवकर कळले तर पुष्कळ काही करता येते.

आमचा तो मुलगा सध्या वाचनवर्गाला येतो. दार उघडायच्या आधीच येऊन बसतो.

जय भीम! नमो बुद्धाय!